ॲमस्टरडॅमचं योर्दान पायी: बुजवलेल्या कालव्यांच्या मागावर

पाहुण्यांना योर्दान दाखवायला नेताना मी आता नकाशा हातात देत नाही. एकच खूण सांगते: आजूबाजूच्या गल्ल्यांच्या मानाने एखादा रस्ता उगाचच रुंद वाटला, की थांबा. तिथे बहुतेक एके काळी पाणी होतं.

ॲमस्टरडॅमला आलेला माणूस पहिल्याच दिवशी काचेच्या छपराच्या बोटीत बसतो, तासभर माना वळवून घरं बघतो आणि कालवे झाले म्हणून पुढच्या कामाला लागतो. बोट फिरते ती मुख्यतः हेरेनग्राख्त, कैझर्सग्राख्त आणि प्रिन्सेनग्राख्त या मोठ्या कालव्यांतून, म्हणजे जुन्या शेठ-सावकारांच्या दारावरून. प्रिन्सेनग्राख्तच्या पश्चिमेला लागूनच योर्दान आहे. कारागीर, हमाल, कातडी कमावणारे, साखर उकळणारे अशांची ही वस्ती. इथले कालवे अरुंद, घरं बुटकी आणि आवाज कमी. बोटीतून हा भाग कळत नाही, तो पायीच बघावा लागतो. सगळा फेरा चार किलोमीटरच्या आसपास आहे. भरभर चाललात तर तासाभरात संपेल, पण तीन तास हाताशी ठेवा.

आधी थोडं नकाशाबद्दल

१६१३च्या सुमारास शहर पश्चिमेकडे वाढवायचं ठरलं. व्यापाऱ्यांसाठी नवे कालवे नीट आखून कमानीसारखे वळवले. पलीकडच्या गरीब भागासाठी एवढी उठाठेव कोणी केली नाही. तिथे शेतं होती आणि शेतांतलं पाणी काढायला चर खणलेले होते. तेच चर रुंद करून कालवे झाले आणि बांधांच्या वाटांच्या गल्ल्या. त्यामुळे योर्दानातले रस्ते प्रिन्सेनग्राख्तला काटकोनात मिळत नाहीत, तिरके येऊन भिडतात. मोबाइलवर नकाशा उघडून एकदा बघून घ्या. एका बाजूला पट्टीने आखलेले कालवे आणि दुसऱ्या बाजूला कलंडलेली समांतर शेतं स्पष्ट दिसतात.

पाट्या वाचायला तीन शब्द पुरतात. नावाच्या शेवटी ‘ग्राख्त’ असेल तर कालवा, ‘स्त्राट’ असेल तर रस्ता आणि ‘द्वार्सस्त्राट’ असेल तर दोन कालव्यांना जोडणारी आडवी गल्ली. (डच लोक ‘ग’ घशातून ‘ख’सारखा काढतात. आपल्याला तो पहिल्या प्रयत्नात जमतो, त्याबद्दल शाबासकीही मिळते.) खरी गंमत पुढे आहे. लिंडेनग्राख्त, रोझेनग्राख्त, एलांड्सग्राख्त ही नावं कालव्याची असली तरी तिथे पाण्याचा थेंब नाही. १८५७ ते १८९५ या काळात योर्दानातले सहा कालवे माती टाकून बुजवले गेले. काहींची नावं तशीच राहिली, काहींची बदलली.

का बुजवले, हे समजायला त्या काळची गर्दी डोळ्यांसमोर आणावी लागते. १९०० साली या छोट्याशा भागात सुमारे ८०,००० माणसं राहत होती. आज वीस हजारसुद्धा नाहीत. मैला, कारखान्यांचं सांडपाणी, मेलेली जनावरं सगळं कालव्यात जायचं आणि पाणी धड वाहत नसे. कालवा बुजवला की दुर्गंधी गेली आणि गाड्यांना रस्ताही मिळाला.

कधी जावं

रविवारी सकाळी आठ ते अकरा ही सर्वांत निवांत वेळ. इतर दिवशीही दहाच्या आत पोचलात तर गल्ल्या तुमच्याच असतात. नोर्डरमार्क्टवर शनिवारी सेंद्रिय शेतमालाचा बाजार आणि सोमवारी सकाळी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. बाजार हवा असेल तर शांततेवर पाणी सोडा. २७ एप्रिलला राजाचा वाढदिवस आणि ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी प्रिन्सेनग्राख्तवरून निघणारी प्राइडची बोटींची मिरवणूक. या दोन दिवशी इथे पाय ठेवायला जागा नसते.

मला विचाराल तर एप्रिलचा शेवट आणि मेची सुरुवात. कालव्यांच्या काठाने एल्मची झाडं आहेत. त्यांचं पातळ, गोल, कागदासारखं बी त्या दिवसांत झडतं आणि वाऱ्याने कोपऱ्याकोपऱ्यात साचतं. इथले लोक त्याला वसंतातला बर्फ म्हणतात. डिसेंबरात जाणार असाल तर साडेचारलाच अंधार पडतो, तेव्हा सकाळचीच वेळ धरा.

छत्री नेऊ नका, वाऱ्याने ती उलटी होते. टोपीचं जलरोधक जाकीट आणि सपाट तळाचे बूट हवेत, कारण पायाखाली सगळीकडे विटांची फरसबंदी आहे आणि ती जागोजागी खचलेली असते. लहान मुलं बरोबर असतील तर एक गोष्ट घोकून ठेवा: कालव्याला बहुतेक ठिकाणी कठडा नाही. रस्ता संपतो आणि खाली पाणी सुरू होतं. पुलांवर कठडे आहेत, काठावर नाहीत. मुलाचा हात धरूनच चाला, आणि फोटोसाठी मागे मागे सरकणाऱ्या मोठ्या माणसांचाही.

स्टेशनापासून ब्राउवर्सग्राख्तपर्यंत

सेंट्राल स्टेशनाच्या शहराकडच्या दाराने बाहेर पडा आणि उजवीकडे वळा. ट्रॅम घेऊ नका, अंतर जेमतेम दहा मिनिटांचं आहे. सिंगेल हा कालवा लागला की पलीकडे ब्राउवर्सग्राख्त सुरू होतो.

या दहा मिनिटांत सायकलींची सवय करून घ्या. लालसर रंगाची पट्टी सायकलींची. तिच्यावर उभं राहणं म्हणजे रेल्वेच्या रुळांवर उभं राहण्यासारखं आहे. सायकलवाले घंटी वाजवतात, थांबत नाहीत. ओलांडताना दोन्हीकडे बघा, एका चालीने सरळ जा आणि मधेच बिचकून मागे फिरू नका. ते तुमच्या चालीचा अंदाज घेऊनच येत असतात, अपघात होतो तो बिचकण्यामुळे.

ब्राउवर म्हणजे बिअर गाळणारा. ब्रुअरींना चांगलं पाणी लागायचं आणि शहरातलं पाणी पिण्याजोगं नव्हतं, म्हणून बाहेरून होड्यांतून गोडं पाणी आणत. समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांमधलं पाणी नळाने शहरात आलं ते थेट १८५३ साली. कालवाच कालवा असलेल्या गावात पाणी विकत घ्यावं लागायचं, हे ऐकून आमचे बाबा (माझे सासरे) पुलावर बराच वेळ हसत होते.

कालव्याच्या काठाने पश्चिमेकडे चालत राहा. प्रिन्सेनग्राख्त ओलांडला की पुढे जुन्या वखारी लागतात. वेंगुर्ल्याला डचांची वखार होती, तेव्हा हा शब्द इथे परका वाटायला नको. वखार ओळखायची कशी? प्रत्येक मजल्यावर मधोमध कमानीचं मोठं दार, त्याला लाकडी झडपा आणि अगदी वर बाहेर आलेल्या तुळईला लोखंडी आकडा. माल होडीतून थेट दोराने वर खेचायचा. आज आत महागडे फ्लॅट आहेत, झडपा मात्र ठेवल्या आहेत.

इथे उभं राहून एका रांगेतली घरं बाजूने बघा. बऱ्याच घरांच्या दर्शनी भिंती रस्त्याच्या बाजूला झुकलेल्या दिसतील.

“अगं, हे घर पडणार की काय?” बाबांनी विचारलं होतं.

“नाही बाबा, मुद्दाम तसंच बांधलंय. वर ओढताना सामान भिंतीवर आपटू नये म्हणून.”

“आणि ते शेजारचं?”

शेजारचं घर डावीकडे कलंडलेलं होतं. पुढे झुकणं मुद्दामचं, पण बाजूला कलंडणं म्हणजे पाया खचलेला. इथली जुनी घरं लाकडी खांबांवर उभी आहेत. सुमारे बारा मीटर खोल वाळूचा घट्ट थर आहे, तिथवर ते खांब ठोकलेले असतात. खांब पाण्याखाली असतील तोवर शतकानुशतकं टिकतात. पाण्याची पातळी उतरून त्यांना हवा लागली की कुजतात. आकडे आजही वापरात आहेत. जिने इतके अरुंद आणि उभे, की फ्रीज-सोफे खिडकीतूनच आत जातात.

नोर्डरमार्क्ट आणि लिंडेनग्राख्त

मागे फिरून प्रिन्सेनग्राख्तच्या कोपऱ्यावर या. इथलं ‘पापेनआयलांड’ हे कॅफे १६४२पासूनचं आहे. अशा जुन्या, लाकडी, पूर्वीच्या तंबाखूच्या धुराने भिंती पिवळ्या-तपकिरी पडलेल्या जागांना ‘ब्राउन कॅफे’ म्हणतात. सफरचंदाचा केक आणि कॉफी घ्यायला ही योग्य जागा. मात्र ‘कॅफे’ आणि ‘कॉफीशॉप’ यांत गल्लत करू नका. कॉफीशॉप म्हणजे गांजा विकणारं दुकान. माझ्या मावशीला हे दारातच कळलं, वासावरून.

खायला नाही तरी स्वच्छतागृहासाठी कॅफेत शिराच. सार्वजनिक स्वच्छतागृहं या भागात फार कमी आहेत, पुढे लवकर सोय मिळेल असं समजू नका.

प्रिन्सेनग्राख्तच्या काठाने दक्षिणेला दोन मिनिटांवर नोर्डरकेर्क आहे. १६२० ते १६२३ या काळात हे चर्च योर्दानातल्या साध्या लोकांसाठी बांधलं. वास्तुरचना हेन्ड्रिक द कैझर यांच्या नावावर आहे, पण ते १६२१ सालीच वारले. चारही भुजा सारख्या असल्यामुळे चर्चला पुढची बाजू अशी जाणवत नाही. भिंतीवर एक पाटी आहे, ती चुकवू नका. २४ फेब्रुवारी १९४१ला याच चौकात लोक जमले आणि दुसऱ्या दिवशी शहराने ज्यूंच्या धरपकडीविरुद्ध संप पुकारला. नाझींच्या ताब्यातल्या शहरातला संप! पाटी लहान आहे, शनिवारी भाजीच्या तंबूंआड दिसतही नाही.

चौकाच्या उत्तरेला लिंडेनग्राख्त. नावात कालवा आणि समोर रुंद रस्ता. हा १८९५ साली बुजवला. त्याआधी नऊ वर्षं, २५ जुलै १८८६ला, इथेच ‘ईल’ माशांची दंगल झाली. कालव्यावर आडवा दोर बांधून त्याला जिवंत, बुळबुळीत ईल टांगायचे आणि होडीतून जाता जाता ओढून काढायचे, असा खेळ होता. त्यावर बंदी होती. पोलिसांनी दोर कापला आणि लोक भडकले. दुसऱ्या दिवशी सैन्य आलं, गोळीबार झाला, २६ माणसं मेली. माशाच्या खेळावरून एवढं झालं असं कोणी म्हणेल, पण दाटीवाटीने राहणाऱ्या, पोटाला चिमटा काढणाऱ्या वस्तीत निमित्त पुरतं.

याच रस्त्यावर एका घराच्या भिंतीत दगडी चित्र शोधा: झाडावर मासा आणि खाली रस्त्याचं नाव उलट्या अक्षरांत. जग उलटं झालंय, असा त्याचा अर्थ. घरांना क्रमांक नव्हते तेव्हा अशीच चित्रं पत्त्याचं काम करायची. ‘मासा असलेल्या घरापलीकडे’ म्हटलं की पत्ता झाला. पुढच्या गल्ल्यांत प्राणी, जहाजं, हत्यारं अशी किती तरी चित्रं दिसतील. मान वर करून चालायचं म्हणतात ते यासाठीच, फक्त सायकलींकडे एक डोळा ठेवून.

अंगणांची दारं

लिंडेनग्राख्त आणि वेस्टरस्त्राट यांच्या मधे कार्थुइझर्सस्त्राट आहे. तिथे १६५० साली गरीब विधवांसाठी बांधलेली घरं एका चौकोनी अंगणाभोवती आहेत. याला ‘हॉफ्ये’ म्हणतात. आपल्या चौसोपी वाड्याची आठवण होईल, फरक एवढाच की इथे एक कुटुंब नाही, खूप दारं आणि प्रत्येकामागे एकटी राहणारी बाई. मधे बाग आणि जुने हातपंप आहेत.

योर्दानात असे हॉफ्ये बरेच आहेत, काही दिवसा उघडे, काही कायम बंद. नियम साधा ठेवा. दार उघडं असेल तर आत जा, लोटावं लागलं तर हलकेच लोटा, कुलूप असेल तर पुढे चला. आत अजूनही माणसं राहतात. कुजबुजत बोला, खिडक्यांचे फोटो काढू नका, चार-पाचपेक्षा जास्त जण एकदम शिरू नका. जे हॉफ्ये बंद झाले, ते पर्यटकांच्या गोंगाटाला कंटाळूनच. असंच भान रस्त्यावरही ठेवा. डच घरांना तळमजल्यावरही बहुधा पडदे नसतात. दिसेल ते दिसू द्यायचं, थांबून निरखायचं नाही.

वेस्टरस्त्राट ओलांडताना पुन्हा ती रुंदीची खूण आठवा. हा पूर्वीचा आन्येलियर्सग्राख्त, १८६१मध्ये बुजवलेला. याचं नावही बदललं, त्यामुळे रुंदीशिवाय दुसरा पुरावा उरला नाही. सोमवारी इथे कापडाचा बाजार भरतो.

एगेलांटियर्सग्राख्त: इथे वेळ घालवा

वेस्टरस्त्राटवरून दक्षिणेला ‘दुसरी आन्येलियर्सद्वार्सस्त्राट’ ही गल्ली धरा (पहिली, दुसरी हे इथे गल्लीच्या नावातच असतं). पुढे तिचं नाव दोनदा बदलतं, पण वाट सरळच राहते. छोटी दुकानं, खानावळी ओलांडून एकदम पाणी समोर येतं. बुजवलेले रस्ते पाहून झाल्यावर हे पाणी वेगळंच वाटतं. म्हणूनच मी पाहुण्यांना आधी थेट इथे आणत नाही.

एगेलांटियर म्हणजे रानगुलाबाचा एक प्रकार. योर्दानात फुला-झाडांची नावं बरीच आहेत: लिंडेन, गुलाब, लॉरेल. योर्दान हे नावच बागेसाठीच्या फ्रेंच शब्दावरून आलं असावं, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. मला ते पटायला जड जातं. इतक्या कोंदट वस्तीला बाग म्हणणारा एक तर थट्टेखोर असावा, नाही तर जमीन विकणारा.

कालव्याच्या काठाने प्रिन्सेनग्राख्तकडे तोंड करून चाला. एल्मच्या फांद्या पाण्यावर वाकलेल्या आणि मागून वेस्टरकेर्क या चर्चचा मनोरा डोकावतो. १०७ क्रमांकाच्या दारातून सिंट आंद्रीसहॉफला जाता येतं. हे १६१७चं अंगण. आत जाणाऱ्या बोळाच्या भिंतींवर निळ्या-पांढऱ्या डेल्फ्टच्या फरशा आहेत. दार उघडं मिळालं तर दिवस सार्थकी लागला. थोडं पुढे, पहिल्या एगेलांटियर्सद्वार्सस्त्राटमधलं क्लास क्लासझ हॉफ्ये १६१६ साली एका कापड व्यापाऱ्याने सुरू केलं. आता तिथे संगीताचे विद्यार्थी राहतात, त्यामुळे कधी कधी बोळातच व्हायोलिनचा रियाज ऐकू येतो.

इथल्या एखाद्या पुलावर दहा मिनिटं उभं राहा. मधोमध नको, ती सायकलींची वाट. कठड्याला टेका. दर पंधरा मिनिटांनी वेस्टरकेर्कच्या घंटा वाजतात आणि पाण्यावरून आवाज दूरवर जातो.

ब्लूमग्राख्त ते रोझेनग्राख्त

पुढचा समांतर कालवा ब्लूमग्राख्त. योर्दानातला हा त्यातल्या त्यात ऐटबाज. ८७, ८९ आणि ९१ क्रमांकांची तीन घरं १६४२ची आहेत, माथ्याकडे पायऱ्या-पायऱ्यांनी निमुळत्या होत जाणाऱ्या भिंतींची. तिघांवर तीन दगडी चित्रं: शहरी माणूस, शेतकरी आणि खलाशी. समोरच्या काठावरूनच नीट दिसतात, म्हणून पूल ओलांडून पलीकडे जा.

घरांच्या माथ्यांवरून त्यांचा काळही साधारण कळतो. पायऱ्यांचे माथे सर्वांत जुने, मानेसारखे उंच निमुळते त्यानंतरचे आणि घंटेच्या आकाराचे बहुधा आणखी नंतरचे. वखारींचे माथे साधे, उलट्या नरसाळ्यासारखे.

रोझेनग्राख्तवर ट्रॅम आणि मोटारींचा आवाज अंगावर येईल. हा १८८९ साली बुजवला. १८४ क्रमांकाजवळची पाटी बघा. चित्रकार रेम्ब्रांट दिवाळखोरीत मोठं घर गेल्यावर या पत्त्यावर भाड्याने राहिला आणि १६६९ साली इथेच वारला. ते घर आता नाही. पुरलं वेस्टरकेर्कमध्ये, भाड्याच्या कबरीत, त्यामुळे नेमकी जागा कोणालाच ठाऊक नाही. चर्च १६३१चं, मनोरा १६३८चा, सुमारे ८५ मीटर उंच. शेजारीच प्रिन्सेनग्राख्त २६३, ॲन फ्रँकचं घर. त्याची तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात, दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या तारखांची. ऐन वेळी दारात जाऊन उपयोग नाही. आणि ते बघायचं असेल तर या फेऱ्याला जोडू नका, वेगळा दिवस ठेवा.

दक्षिणेचा तुकडा

बहुतेक लोक रोझेनग्राख्तपाशी थांबतात. पाय दुखत नसतील तर रस्ता ओलांडा, पलीकडे गर्दी आणखी कमी आहे. लौरियरग्राख्तला पाणी आहे आणि काठावर बसायला जागाही. त्यानंतर एलांड्सग्राख्त, पुन्हा बुजवलेला, १८९१चा. एलांड म्हणजे एल्क, तो मोठा सांबरासारखा प्राणी. जवळच ससा, लांडगा, अस्वल यांच्या नावांच्या गल्ल्या आहेत, कारण हा सगळा चामड्याचा भाग. पुढचा लोयर्सग्राख्त म्हणजे तर सरळ कातडी कमावणाऱ्यांचा कालवा. एके काळी नाक दाबून जावं लागत असेल, आता बदकं पोहतात.

एलांड्सग्राख्तच्या तोंडाशी, प्रिन्सेनग्राख्तलगत, योर्दानच्या लोकप्रिय गायकांचे पुतळे आहेत. ॲकॉर्डियनवर म्हणायची, विरहाची आणि वेस्टरकेर्कच्या मनोऱ्याची गाणी गाणारे हे लोक. तिथून प्रिन्सेनग्राख्तच्या काठाने उत्तरेला या. वाटेत २९६ क्रमांकासमोर घरबोटीचं संग्रहालय आहे. १९१४ साली बांधलेली मालवाहू बोट, आत बैठकीची खोली, स्वयंपाकघर, कपाटातले पलंग. वीस मिनिटांत बघून होतं.

परतीची ट्रॅम वेस्टरमार्क्टवरून. १३ किंवा १७ क्रमांकाची, सेंट्राल स्टेशनाकडे जाणारी. चढताना बँकेचं काँटॅक्टलेस कार्ड यंत्राला टेकवा आणि उतरताना तेच कार्ड पुन्हा टेकवा. दोघांना मिळून एक कार्ड चालत नाही. उतरताना विसरलात तर जास्तीचे पैसे कापले जातात. आमच्या बाबांचे दोनदा कापले गेले.